पश्चिमेची खिडकी आणि घरचं मशीन: बेडरूमचे पडदे, अभ्रे आणि गोधडी शिवताना

प्रश्न थोडक्यात असा: १० बाय ११ फुटांची बेडरूम, पश्चिमेला ५ बाय ४ फुटांची खिडकी, ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग. भिंतींना नवा रंग द्यायचा आहे. पडदे, उशांचे अभ्रे आणि पलंगपोस घरीच शिवायचे आहेत. मशीन साधं, पायाचं. कपाटात आईच्या सुती साड्या पडून आहेत. सुरुवात कुठून करावी, कापड किती लागेल आणि भारी कापड घ्यायलाच हवं का?

भारी कापडाची गरज नाही. बेडरूमचं रूप सर्वांत जास्त बदलतं ते पडद्यांनी, आणि पडदा चांगला दिसतो तो भरपूर कापडाने, अस्तराने आणि नेमक्या लांबीने. मीटरमागे बरेच पैसे देऊन घेतलेलं रेशमी कापड खिडकीपुरतं ताणून बसवलं की ते टांगलेल्या टॉवेलसारखं दिसतं. उलट साधा मांजरपाट दुप्पट रुंदीने, अस्तर लावून, जमिनीपर्यंत सोडला तर त्याच्या चुण्या खांबासारख्या सरळ पडतात. म्हणून आहे ते बजेट कापडाच्या जातीपेक्षा मीटरवर खर्च करा.

कामाचा क्रम मात्र थोडा उलटा वाटेल. कापड आधी निवडायचं, रंग नंतर ठरवायचा. रंगाच्या दुकानात हव्या त्या छटेचा डबा मिसळून मिळतो, कापड मात्र बाजारात जे असेल तेच. भिंत आधी रंगवून मग तिला जुळणारं कापड शोधत फिरणं हा वेळेचा अपव्यय आहे. कापडाचा हातभर तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात जा. तिथून लहान डबे आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर २ बाय २ फुटांचे ठिगळ रंगवा आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली बघा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरचं ऊन पिवळं-तांबूस असतं. दुकानात सुंदर दिसलेला हस्तिदंती किंवा फिका पिवळा तिथे संध्याकाळी नारिंगी दिसू लागतो. राखाडीकडे झुकणारा हिरवा किंवा थंड पांढरा अशा खोलीत टिकतो.

रंगाआधी ओल तपासा. एक फूट चौरस पॉलिथिनचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर, म्हणजे निदान २४ तास, राहू द्या. थेंब आतल्या बाजूला, भिंतीकडे आले तर भिंतीत पाणी आहे. बाहेरच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा. भिंतीत पाणी असताना दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात फुगे धरतो, कितीही महाग असला तरी. आधी गळती काढा. भिंतीवर जुना चुना किंवा साधा डिस्टेंपर असेल, हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर ती खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच प्राइमर. तुमच्या खोलीचा परीघ ४२ फूट. उंची साडेनऊ फूट धरली आणि दार-खिडकी वजा केली तर सुमारे ३६० चौरस फूट भिंत होते. इमल्शनच्या दोन हातांना साधारण साडेपाच ते सहा लिटर लागतात.

पलंगाची जागा आता ठरवून टाका, कारण पडद्याची लांबी त्यावर अवलंबून आहे. पलंगाचं डोकं १० फुटांच्या भिंतीला लावलं तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. समोर दोन फूट खोलीचं कपाट आलं तरी ११ फुटांत मधे अडीच फूट वाट राहते. यात कपाटाचं दार उघडतं आणि माणूस जातो, पण ड्रॉवर ओढून समोर उभं राहायला जागा पुरत नाही. फरशीवर टेपने आराखडा आखून एक दिवस त्यातून वावरून बघा. यापुढचा हिशेब पलंग खिडकीखाली येत नाही असं धरून केला आहे. येत असेल तर पडदा जमिनीपर्यंत न सोडता खिडकीच्या कठड्याखाली सहा-आठ इंचांवर थांबवा.

आता पडदे. आधी रॉड लावा, मग माप घ्या. खिडकीचं माप घेऊन शिवलेला पडदा हमखास चुकतो. खिडकी ६० इंच रुंद आहे. रॉड दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच जास्त, म्हणजे ८० इंच घ्या. त्यामुळे पडदा बाजूला सारल्यावर भिंतीवर जाऊन बसतो आणि काच पूर्ण मोकळी होते. खिडकीचा माथा सहसा सात फुटांवर असतो. रॉड त्याच्या सहा इंच वर, जमिनीपासून ९० इंचांवर. मात्र खिडकीच्या लगेच वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतो आणि त्यात साधं ड्रिल शिरत नाही. हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचं बिट वापरा, भोक निदान दोन इंच खोल घ्या. प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये बसला तर अस्तराच्या पडद्याचं वजन त्याला काही महिन्यांत बाहेर ओढतं. भिंतीपासून रॉड साडेतीन-चार इंच पुढे हवा, नाहीतर कापड खिडकीच्या कडीला घासून तिथेच विरतं. ८० इंचांच्या रॉडला मधे तिसरा ब्रॅकेट द्याच.

कापड विकत घेताना पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ४८ किंवा ५४ इंच असतो, साध्या सुती कापडाचा ३६ किंवा ४४. मी ५४ धरून हिशेब देतो. रिंगच्या पडद्याला, म्हणजे कापडात भोक पाडून बसवलेल्या रिंगांतून रॉड जातो त्याला, रॉडच्या पावणेदोन ते दोन पट कापड हवं. दीडपटीच्या खाली गेलात तर पडदा ओढल्यावर सपाट होतो. आपण तीन पन्हे घेऊ आणि एक पन्हा उभा मधोमध कापून प्रत्येक बाजूला दीड देऊ. ५४ अधिक २७ म्हणजे ८१ इंच. जोडाला एक इंच गेला, दोन्ही कडांच्या दीड इंची दुहेरी दुमडीत सहा इंच गेले. तयार पडदा ७४ इंचांचा. दोन्ही मिळून १४८, म्हणजे रॉडच्या १.८५ पट. छान बसतं. अर्धा पन्हा नेहमी भिंतीकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे जोड चुण्यांत लपतो.

लांबी: रिंगच्या पडद्याचं कापड रॉडच्या दीड इंच वर राहतं, आणि रोज फरशी पुसायची असल्याने खाली एक इंच सोडायचा. तयार लांबी साडेनव्वद इंच. वरची दुहेरी दुमड चार अधिक चार, खालचीही चार अधिक चार. एकूण एकशे साडेसहा, म्हणून प्रत्येक पन्हा १०७ इंच कापायचा. तीन पन्ह्यांचे ३२१ इंच, म्हणजे ८ मीटर १५ सेंटीमीटर. आटण्यासाठी पाच टक्के धरून ९ मीटर घ्या.

हे साध्या कापडाचं. मोठा छाप असेल तर छाप किती इंचांनी परत येतो ते दुकानातच टेपने मोजा, कारण प्रत्येक पन्हा छापाच्या त्याच जागेपासून सुरू करावा लागतो. १२ इंचांनी परत येणारा छाप असेल तर १०७ चे १०८ होतात, काहीच बिघडत नाही. २४ इंचांचा असेल तर १०७ चे थेट १२० होतात आणि कापड मीटरभर वाढतं. हा हिशेब न केल्यामुळे दोन पडद्यांवरची फुलं एकमेकांच्या वर-खाली येतात आणि मग ते डोळ्याला रोज खुपतं.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तर हवंच. ऊन कापडाचा रंग आधी खातं आणि मग धागा. अस्तर हा मार स्वतःवर घेतं, पुढच्या कापडाचं आयुष्य वाढवतं आणि दुपारचा उकाडाही थोडा अडवतं. पांढरा किंवा क्रीम रंगाचा घट्ट विणीचा मांजरपाट किंवा पॉपलीन चांगला. तीन पन्हे, प्रत्येकी ९४ इंच, आटणं धरून ८ मीटर. पूर्ण काळोख हवा असेल तर लेप दिलेलं ब्लॅकआउट कापड मिळतं. पण ते धुताना पिळू नका आणि त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, लेप सुटतो. शिवाय त्याच्यावर टाचण्यांनी पडलेली भोकं बुजत नाहीत. दिवस मावळताना ती ताऱ्यांसारखी चमकतात. तिथे टाचणीऐवजी चिमटे वापरा.

कापण्याआधी कापड धुवायचं. सुती कापड धुतल्यावर तीन ते आठ टक्के आटू शकतं, हातमागाचं त्याहूनही जास्त. साडेनव्वद इंचांचा पडदा पाच टक्क्यांनी आटला तर साडेचार इंच वर जातो, आणि असा आखूड झालेला पडदा कशानेच वाचत नाही. शंका असेल तर आधी अर्धा मीटर आणा, त्यावर पेन्सिलीने ४० सेंटीमीटरचा चौकोन आखा, धुवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. त्याच तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही कळेल. रंग सुटत असेल तर मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. ते कापड उशीला किंवा गोधडीला वापरू नका, एवढंच. अस्तरही असंच धुऊन घ्या. पुढचं कापड सुती आणि अस्तर पॉलिएस्टर असेल तर एक आटतं, दुसरं नाही, आणि पडदा पहिल्या धुण्यात बोळ्यासारखा होतो.

कापताना दुकानदाराने फाडलेली किंवा कापलेली कड सरळ असेल असं धरू नका. आडवा एक धागा ओढून काढा. तो निघाल्यावर जी रेघ दिसते तिच्यावर कापा. काठ दोन्ही बाजूंनी कापून टाका किंवा दर दोन इंचांवर तिरकी छोटी चीर द्या, कारण काठाची वीण घट्ट असते, ती जास्त आटते आणि शिलाई ओढली जाते. काठ कापल्यास दोन्हीकडचा अर्धा-पाऊण इंच हिशेबातून वजा करा.

शिवण्याचा क्रम असा ठेवा. आधी पन्हे जोडा, सगळ्या उभ्या टिपा वरून खाली, एकाच दिशेने. दर आठ-दहा इंचांवर आडव्या टाचण्या लावा. पायाच्या मशीनवर खालचा थर दात ओढतात आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे शेवटी एक तुकडा इंचभर लांब निघतो. मध्यम सुती कापडाला १४ नंबरची सुई, बकरमच्या (वरच्या दुमडीत घालायच्या ताठ पट्टीच्या) जाड थरांना १६. टीप इंचाला आठ-नऊ टाके. लांब टिपेला चुण्या पडत असतील तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. खाली दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिनशी झटत बसू नका, दोष बहुतेक वेळा वरचा दोरा नीट न ओवल्याचा असतो. टाके सुटत असतील तर सुई बदला.

मग बाजूच्या दुमडी. अस्तर ७३ इंच रुंद कापून पडद्याच्या उलट बाजूवर मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच आत राहील, आणि बाजूची दुमड त्याच्यावरून घेऊन टीप घाला. ही टीप खालून बारा इंच आधी थांबवा. वरच्या दुमडीत चार इंची बकरम आणि अस्तराची कड घालून टीप मारा. वरच्या कोपऱ्यात तीन आडवे आणि तीन उभे मिळून कापडाचे नऊ थर जमतात; आतले थर आधीच कातरून टाका, नाहीतर कडेची रिंग खटकन बंद होणार नाही आणि पहिल्या ओढीला उघडेल.

रिंगांची संख्या प्रत्येक पडद्याला सम हवी. रॉड कापडाच्या पुढून-मागून जात असतो. सम रिंगा असतील तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम असतील तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते. ७४ इंचांच्या पडद्यात दोन्ही कडांपासून दोन इंच सोडून मधे ७० इंच उरतात. बारा रिंगा, म्हणजे अकरा अंतरं, प्रत्येकी सहा इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन्ही पडद्यांच्या चोवीस, एक-दोन जास्तच घ्या. एक रिंग तुटली तर तशीच रिंग वर्षभराने मिळत नाही. भोक रिंगेच्या आतल्या वर्तुळाहून दोनच मिलिमीटर मोठं कापा. टांगताना शेवटची रिंग ब्रॅकेट आणि रॉडच्या टोपणाच्या मधे ठेवा, म्हणजे पडदा ओढला तरी भिंतीकडची कड जागची हलत नाही आणि बाजूने उजेडाची फट पडत नाही.

खालची दुमड लगेच शिवू नका. पडदा तसाच तीन दिवस टांगून ठेवा. सैल विणीचं कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, कधी अर्धा इंच, कधी पाऊण, आणि प्रत्येक पन्हा सारखा उतरत नाही. मग जमिनीपासून मोजून खडूने खूण करा, दुमडा, आणि शक्य असेल तर ही एक शिलाई हाताने घाला. मशीनची टीप त्या ठिकाणी कापड आवळते आणि पडदा खाली ताठ दिसतो. अस्तराची खालची दुमड दोन अधिक दोन इंचांची, वेगळी. ते पडद्यापेक्षा एक इंच आखूड ठेवा आणि खाली जोडू नका, म्हणजे दोघांचं आटणं एकमेकांना ओढणार नाही. शेवटी बाजूचे सोडलेले बारा इंच शिवून टाका. चुण्या हाताने नीट बसवून पडदा गोळा करा, तीन ठिकाणी कापडी पट्टीने सैल बांधा आणि दोन दिवस राहू द्या. यानंतर चुण्या आपली जागा धरतात.

अभ्रे सोपे आहेत. १८ बाय २७ इंचांच्या उशीला सव्वाएकोणीस इंच रुंद आणि ६२ इंच लांब पट्टी लागते: दोन वेळा २७, सहा इंचांची झडप आणि दोन्ही टोकांना एकेक इंचाची दुमड. ४४ पन्ह्यात दोन पट्ट्या शेजारी बसतात, म्हणून पावणेदोन मीटरमध्ये दोन अभ्रे होतात. टोकं दुमडून घ्या, झडप आत घाला, सुलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडांना पाव इंचावर टीप मारा. मग अभ्रा उलटवून तीन सुतांवर दुसरी टीप. कच्ची कड दोन टिपांच्या मधे बंद होते, इंटरलॉकची गरज पडत नाही आणि धुण्यात धागे निघत नाहीत.

खणाच्या कापडाच्या छोट्या उशा सध्या बऱ्याच घरांत दिसतात आणि पलंगावर त्या खरंच शोभतात. फक्त खणाची वीण अशी असते की ताण आला की शिलाईजवळचे धागे सरकतात. त्यामुळे मागून पातळ सुती अस्तर जोडून मगच शिवा, माया (शिलाईबाहेरचं कापड) पाऊण इंच ठेवा आणि उशी ठासून भरू नका. १६ इंची चौकोनी उशीला साधारण चारशे ग्रॅम फायबर पुरतं. सावरीचा कापूस वापरणार असाल तर आतली खोळ अगदी घट्ट विणीची हवी, नाहीतर तंतू बाहेर येत राहतात.

राहिला पलंगपोस, आणि त्यासाठी त्या साड्यांसारखं दुसरं काही नाही. अनेक धुण्यांतून गेलेली सुती साडी आटायची तेवढी आटलेली असते, रंग सोडायचा तेवढा सोडलेला असतो आणि तिचा मऊपणा नव्या कापडात मिळत नाही. तीन साड्यांची तीन थरांची गोधडी बनवा. त्यात सिंथेटिक साडी मिसळू नका, ती थरांमध्ये सरकते. जरीचे काठ काढून ठेवा, ते अंगाला टोचतात. सुताचे काठ राहू द्या. प्रत्येक साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग बघा, बहुतेक तो निऱ्यांच्या आणि टाचांच्या जागी असतो, आणि तो मधल्या थरात टाका.

साडीची लांबी साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच धरला तर तीतून ९० इंचांचे दोन तुकडे निघतात. ते शेजारी जोडले की जवळजवळ ९० बाय ९० चा एक थर. तुमच्या ६० बाय ७८ च्या पलंगाला दोन्ही बाजूंना आणि पायथ्याला हे व्यवस्थित खाली येतं. मधला थर एक वळण फिरवून घाला, म्हणजे त्याचा जोड आडवा येईल. तिन्ही जोड एकावर एक आले तर मधोमध दोरीसारखी रेघ उठते. जरीचे काठ काढल्याने रुंदी कमी पडली तर उरलेल्या कापडातून पट्टी जोडा.

जुन्या पद्धतीत धावदोरा बाहेरच्या कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जातात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या कवंदीही, म्हणजे त्यांच्या गोधड्याही, अशाच कडेकडून आत शिवत नेतात. ही रीत देखणी आहे, पण तिच्यात एक धोका आहे: थर नीट बसलेले नसतील तर सगळा ढिलेपणा ढकलला जाऊन शेवटी मधे फुगा येतो, आणि तो काढायला सगळं उसवावं लागतं. म्हणून फरशीवर खालचा थर ताणून कडा टेपने चिकटवा, वर बाकीचे दोन अंथरा, मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा आणि आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी वीत-वीत अंतरावर उभं-आडवं टाचून घ्या. यात एक दुपार जाते. ती जाऊ द्या.

धावदोऱ्याच्या ओळी दीड इंच अंतराने घाला, इंचाला तीन-चार टाके, जाड सुती दोऱ्याने. एवढ्या मापाला साधारण १६० मीटर दोरा लागतो. एकाच रंगाचा सगळा दोरा आधीच घ्या. ओळीच्या शेवटी दोरा ओढून आवळू नका, बोट फिरवून कापड मोकळं करा. आवळलेली ओळ गोधडीला वाकडी करते. शिवता शिवता गोधडी दोन-तीन इंच आत येते, त्यामुळे कडा आधी बंद करू नका. सगळ्या ओळी झाल्यावर चारही कडा सरळ कापा आणि उरलेल्या साडीतून अडीच इंच रुंदीच्या अकरा पट्ट्या जोडून कडेला लावा. सरळ कडांना उभ्या धाग्याच्या पट्ट्या चालतात, तिरक्या कापायची गरज नाही.

पहिलं धुणं थंड पाण्यात, हाताने. वाळवताना गोधडी दोरीवर एका बाजूने लोंबकळत टाकू नका, ओल्या कापडाच्या वजनाने धावदोरा तुटतो. दोन दोऱ्यांवर पसरून टाका आणि उन्हात उलट बाजू वर ठेवा.